१४ इंजिनं, ११ सेक्शन: ॲनालॉगच ठेवू की डिजिटलवर जाऊ?

यार्डमास्तर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज मांडतो.

माझा एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेचा लेआउट आठ वर्षांचा आहे. दुहेरी मेन लाईन, एक स्टेशन, त्याला लागून सहा लायनींचं यार्ड आणि छोटं इंजिनशेड. सगळं ॲनालॉग. दोन कंट्रोलर आहेत, रूळ ११ सेक्शनमध्ये तोडलेले आहेत आणि प्रत्येक सेक्शनला एक टॉगल आहे. वर केला की कंट्रोलर १, खाली केला की कंट्रोलर २, मध्ये ठेवला की बंद. पॅनेल मी स्वतः बनवलंय आणि त्यावर माझा जीव आहे.

अडचणी दोन. पहिली म्हणजे मेन लाईनवर मुंगीच्या पावलांनी चालणारं इंजिन यार्डाच्या टोकाला गेलं की अडखळतं. नॉब थोडा वाढवला की उसळी मारून डब्यांवर आदळतं. दुसरी जास्त जिव्हाळ्याची. लेआउटवर एक चढ आहे आणि तिथे मालगाडीला मागून ढकलणारं बँकर इंजिन लावायची माझी फार दिवसांची इच्छा आहे. पण एका सेक्शनमध्ये दोन्ही इंजिनांना एकच व्होल्टेज मिळतं. मागचं जरा चपळ असलं की मधले रिकामे डबे वळणावर रुळावरून उतरतात. आणि वर पोचल्यावर बँकर सुटून मागे थांबायला हवं, ते तर जमतच नाही.

डिजिटलवर गेलो तर दोन्ही सुटेल का? १४ पैकी पाच इंजिनं जुनी, सॉकेट (डिजिटलचं सर्किट, म्हणजे डीकोडर, बसवायची जागा) नसलेली आहेत. अनुभवींनी मनमोकळं लिहावं.

सांधेवाला

यार्डमास्तर, पॅनेल तोडू नका, एवढंच आधी सांगतो.

मी सुरुवातीपासून ॲनालॉगवर आहे आणि त्यात मला काही कमी वाटत नाही. लोक ॲनालॉगला जुनाट म्हणतात तेव्हा त्यातली एक मोठी सोय विसरतात. माझ्याकडे प्रत्येक होम सिग्नलच्या आधी इंजिनाच्या लांबीपेक्षा थोडा मोठा तुकडा वेगळा काढलेला आहे. सिग्नल लाल असेल तर तो तुकडा मेलेला असतो. सिग्नलचा स्विच आणि त्या तुकड्याचा वीजपुरवठा एकाच स्विचवर आहेत. म्हणजे चालवणाऱ्याचं लक्ष नसलं तरी गाडी लाल सिग्नलला थांबतेच. सांध्याचंही (गाडी एका लायनीवरून दुसरीवर वळवतो तो) तसंच, सांधा ज्या लायनीला लागलाय तीच लाईन जिवंत, बाकीच्या बंद. पॅनेलकडे नुसतं पाहिलं तरी मार्ग कुठे लागलाय ते कळतं.

डिजिटलमध्ये रूळ सगळीकडे कायम जिवंत असतात. लाल सिग्नल हा नुसता दिवा. चालवणाऱ्याने मानला तर मानला.

आणि बिघाड झाला तर? ॲनालॉगमध्ये मी १२ व्होल्टचा एक दिवा दोन वायरींना जोडून रुळावर टेकवत जातो. जिथे तो मंद होतो किंवा विझतो, तिथे बिघाड.

विजेरी

सांधेवाला, सिग्नलचा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. त्यावर खाली लिहिते. आधी यार्डमास्तरांच्या पहिल्या अडचणीबद्दल.

दादा, अडखळणं हे डिजिटलवर जाण्याचं कारण होऊ शकत नाही. मेन लाईनवर चालणारं इंजिन यार्डाच्या टोकाला अडखळतं म्हणजे इंजिन ठीक आहे, वीज तिथपर्यंत पोचत नाहीये. यार्डाला फीडर, म्हणजे रुळाला वीज देणाऱ्या वायरी, किती आणि कुठे जोडलेत? एकाच टोकाला असतील तर वीज सांध्यांच्या पात्यांमधून आणि रुळांचे तुकडे जोडणाऱ्या फिशप्लेटमधून पुढे जातेय. नव्या फिशप्लेट घट्ट असतात. आठ वर्षांत त्यांच्या आत काळपट थर बसतो, खडी चिकटवताना घातलेला गोंदही आत शिरतो. सांधेवाल्यांसारखा १२ व्होल्ट ५ वॅटचा दिवा रुळावर लावून, तो जळत असताना दोन्ही टोकांना मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. दिवा न लावता मोजू नका. करंट वाहत नसेल तर मीटर दोन्हीकडे सारखाच आकडा दाखवेल आणि तुम्ही फसाल.

आता डिजिटल म्हणजे नक्की काय, कारण इथे नवीन लोकही वाचतात. ॲनालॉगमध्ये रुळातलं व्होल्टेज म्हणजेच वेग, आणि प्लस-मायनस उलटे केले की दिशा उलटी. डीसीसीमध्ये, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोलमध्ये, रुळांवर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओला साधारण १४ ते १६. पण ते सतत उलटसुलट होत असतं आणि त्या उलटण्याच्या वेळेतच निरोप लपलेला असतो. उलटसुलट होण्याच्या एका फेरीचा प्रत्येक अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा असेल तर तो 'एक', १०० किंवा त्याहून लांब असेल तर 'शून्य'. आधी एकांची एक रांग येते, म्हणजे डीकोडरला 'आता ऐका' अशी सूचना. मग इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, शेवटी पडताळणीचा आकडा. तो जुळला नाही तर डीकोडर अख्खा निरोप टाकून देतो. इंजिनातला डीकोडर आपला पत्ता ओळखतो आणि रुळातल्या विजेतून मोटरला लागेल तेवढीच देतो. म्हणून एकाच रुळावर दोन इंजिनं दोन वेगांनी, दोन दिशांना जाऊ शकतात. तुमच्या बँकरचं उत्तर इथे आहे.

मळक्या रुळांचं मात्र नाही. हळू चालवताना ॲनालॉग रुळात तीन-चार व्होल्टच असतात, डिजिटलमध्ये पूर्ण असतात, त्यामुळे धुळीच्या पातळ थरातून वीज थोडी बरी पार होते, एवढाच फायदा. पण क्षणभर जरी संपर्क तुटला तरी डीकोडर बंद पडून पुन्हा सुरू होतो. आवाजवालं इंजिन असेल तर आवाज तुटून पहिल्यापासून सुरू होतो, आणि ते ऐकायला फार वाईट वाटतं.

सांधेवाला, सिग्नलला थांबण्यासाठी डिजिटलमध्ये एबीसी ब्रेकिंग आहे. सिग्नलच्या तुकड्याला वीज डायोडमधून द्यायची, एका दिशेला एक डायोड आणि दुसऱ्या दिशेला चार. त्यामुळे दोन्ही अर्धे भाग असमान होतात. ज्या डीकोडरला ते कळतं तो इंजिन हळूहळू थांबवतो, दिवे आणि आवाज चालूच राहतात. पण सगळ्या डीकोडरना हे येत नाही, आणि त्यासाठी तुकडे तोडावे लागतातच. तुमच्या स्विचइतकं ते सरळ नाही, हे कबूल.

पहिलं_इंजिन

मी अगदी नवीन आहे. एक लंबगोल रूळ, एक साईडिंग, एक इंजिन, चार डबे. मला यातलं काय घ्यावं?

सांधेवाला

तुमच्याकडे जे आहे ते चालवा. साईडिंगला एक स्विच लावा, म्हणजे दुसरं इंजिन आलं तर एक उभं राहील. बाकी विचार सहा महिन्यांनी.

विजेरी

यावर माझं आणि सांधेवाल्यांचं एकमत. फक्त पुढचं इंजिन घेताना आत डीकोडरचं सॉकेट आहे का ते बघा. आठ पिनचं, २१ पिनचं, नेक्स्ट-१८, कुठलंही चालेल. सॉकेट असलेलं इंजिन ॲनालॉगवर निवांत चालतं आणि पुढची वाट मोकळी राहते.

छोटी_लाईन

एन स्केलवाल्यांच्या वतीने थोडं लिहिते. आमचा गेज ९ मिलिमीटर. वर सगळे 'डीकोडर बसवायचा' असं सहज लिहितात, पण माझ्या एका जुन्या टँक इंजिनात हवासुद्धा मावत नाही. डीकोडरसाठी ओतीव चॅसिस कानशीने घासावी लागली, आणि एकदा घासलेला धातू परत येत नाही. शिवाय चॅसिस घासली की वजन कमी होतं, वजन कमी झालं की चाकं घसरतात आणि रुळाशी संपर्कही कमी होतो. मी तीन इंजिनं केली आणि थांबले. उरलेली ॲनालॉगच राहतील आणि मला त्याचं काही वाटत नाही.

आणखी एक, आणि हे कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. काही डिजिटल सिस्टीममध्ये पत्ता शून्यवर डीकोडर नसलेलं इंजिन चालवता येतं. शून्याचा एक भाग लांबवून ते करतात. इंजिन चालतं, पण मोटरमधून सतत एक किरकिरा सूर येत राहतो आणि उभं असतानाही मोटर तापते, कारण उलटसुलट वीज तिच्यातून वाहतच असते. कोअरलेस मोटरचं इंजिन तर असं कधीही रुळावर ठेवू नका. तिच्या आर्मेचरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, उष्णता शोषायला लोखंडच नसतं, बघता बघता जळते. माझी एक अशीच गेली. बोट लावलं तर चटका बसला आणि जळक्या वार्निशचा वास दोन दिवस खोलीत होता.

कोळसेवाला

इतिहासातलं थोडं, कारण 'डिजिटल म्हणजे कालचं फॅड' असं अजून ऐकू येतं. एकाच रुळावर अनेक इंजिनं वेगवेगळी चालवण्याची धडपड फार जुनी आहे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९६० च्या दशकात ॲस्ट्रॅक आणली, पाच इंजिनांची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये हॉर्न्बीची झीरो-१ आली, १६ इंजिनांची. ऐंशीच्या दशकात मार्कलिनचं डिजिटल आलं. प्रत्येकाची भाषा निराळी, एकाचं दुसऱ्याला कळायचं नाही. जर्मनीतल्या लेंझ कंपनीने केलेल्या कामावर अमेरिकेच्या एनएमआरएने (मॉडेल रेल्वेवाल्यांची राष्ट्रीय संघटना) नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात डीसीसीचं प्रमाण ठरवलं, तेव्हा कुठे एका कंपनीचा डीकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालायला लागला. माझ्या मते खरी क्रांती ती. तंत्रज्ञान आधीपासून होतं, मोकळं प्रमाण नव्हतं. आज कोणी आर्डुइनोच्या छोट्या बोर्डवर डीसीसी-ईएक्स हे मोफत सॉफ्टवेअर घालून स्वतःचं कमांड स्टेशन (निरोप पाठवणारं यंत्र) बनवतो, जेएमआरआय या कॉम्प्युटर प्रोग्रॅमवरून मोबाईलने गाडी चालवतो, ते त्या प्रमाणामुळेच.

यार्डमास्तर, तुमच्या पाच जुन्या इंजिनांबद्दल. उघडी मोटर असेल तर डीकोडर घेण्याआधी तिचा अडकलेला करंट मोजा. १२ व्होल्ट द्या, चाकं बोटाने क्षणभरच अडवा आणि आकडा बघा. एचओचे बरेच डीकोडर एक अँपिअरच्या आसपासचे असतात. माझी एक जुनी मोटर तर गाडी ओढतानाच १.८ घेत होती. चुंबक म्हातारं झालं होतं. चुंबक अशक्त झालं की मोटर तेवढ्याच कामाला जास्त करंट ओढते. नवीन निओडिमियम चुंबक घातल्यावर ती ०.७ वर आली. सरळ डीकोडर लावला असता तर धूर निघाला असता.

आणि मोटरचे दोन्ही ब्रश चॅसिसपासून पूर्ण सुटे हवेत. जुन्या इंजिनांत एक ब्रश हमखास चॅसिसलाच टेकलेला असतो, कारण एका रुळाची वीज चॅसिसमधूनच यायची. मीटर सातत्य तपासण्यावर ठेवा, एक टोक ब्रशला आणि एक चॅसिसला. बीप वाजली तर थांबा.

यार्डमास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. विजेरीताई, तुम्ही सांगितलंत तसं मोजलं.

दिवा यार्डाच्या टोकाला रुळांवर ठेवला आणि कंट्रोलर पूर्ण उघडला. फीडरपाशी ११.६ व्होल्ट. टोकाला ८.२. म्हणजे ३.४ व्होल्ट वाटेतच जात होते! मग एकेक फिशप्लेट ओलांडत मोजत गेलो. सगळ्यात वाईट तिसऱ्या सांध्यापुढची निघाली, एकटीच १.३ व्होल्ट खात होती. चिमट्याने ओढली तर हातात आली. आत हिरवट काळा थर, आणि खडीच्या गोंदाची एक पातळ पापडी. आठ वर्षांपूर्वी तिथे गोंद सोडणारा मीच.

दोन सुट्टीचे दिवस बसून यार्डातल्या प्रत्येक रुळाच्या तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर केली. आता फिशप्लेट फक्त रूळ सरळ धरायला. यार्डात इंजिन मेन लाईनसारखंच चालतंय.

म्हणजे पहिली अडचण डिजिटलची नव्हतीच. दुसरी मात्र शिल्लक आहे. बँकर काही डोक्यातून जात नाही.

सांधेवाला

छान काम केलंत. आता खरं सांगू का? यार्ड आणि सिग्नल यांसाठी मी ॲनालॉगच्या बाजूने कितीही वेळ बोलेन, पण बँकरसाठी माझ्याकडे उत्तर नाही. मी स्वतः दोन वेळा प्रयत्न केला. चढावर प्रत्येक इंजिनाच्या लांबीचे तुकडे पाडून दोन कंट्रोलरवर वाटले. गाडी पुढे सरकेल तसे टॉगल बदलायचे, एका हाताने नॉब, दुसऱ्याने टॉगल. एकदा उशीर झाला आणि दोन्ही कंट्रोलर इंजिनाच्या चाकांतून एकमेकांना भिडले. तेव्हा सोडून दिलं. बँकर हवाच असेल तर डिजिटल करा.

विजेरी

सांधेवाल्यांनी हे लिहिलं याचा फार आनंद झाला.

यार्डमास्तर, १४ इंजिनं एकदम करायची काहीच गरज नाही. सॉकेट असलेली तीन-चार करा. पॅनेल ठेवा. अख्ख्या लेआउटसाठी एकच मोठा चेंजओव्हर स्विच लावा, मधली जागा बंद असलेला. एका बाजूला दोन्ही ॲनालॉग कंट्रोलर, दुसऱ्या बाजूला डीसीसी. पण अर्धा लेआउट डिजिटल आणि अर्धा ॲनालॉग असं कधीही ठेवू नका. इंजिनाची चाकं ज्या क्षणी मधला तोड ओलांडतात, त्या क्षणी दोन्ही पुरवठे एकमेकांना जोडले जातात आणि त्यात काहीतरी महागातलं जळतं. डिजिटल चालू असताना बिनडीकोडरची इंजिनं रुळावरून उचलून ठेवा, छोटी_लाईन ताईंनी वर कारण सांगितलंच आहे.

डिजिटल असताना सगळे सेक्शन टॉगल एकाच बाजूला राहतील. रुळांना वीज देणारा डीसीसी बूस्टर तीन ते पाच अँपिअर देतो, तेव्हा जुन्या बारीक वायरी एकदा तपासा. पाटाखालून दोन जाड बस वायर फिरवा आणि त्यांना आताच्या वायरी जोडा. मग नाण्याची परीक्षा. लेआउटवर दर हातभर अंतरावर एक नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवायचं. प्रत्येक ठिकाणी बूस्टर लगेच बंद पडायला हवा. नाही पडला तर तिथे वायरिंग अशक्त आहे, आणि खराखुरा शॉर्ट झाला की बूस्टर बंद न पडता पाच अँपिअर तिथून वाहत राहतील. चाकांच्या कडा वितळलेल्या मी पाहिल्या आहेत.

सांध्यांच्या मोटरी मात्र स्वतंत्र पुरवठ्यावरच राहू द्या. उलट लागलेल्या सांध्यावर इंजिन शिरून शॉर्ट झाला तर तोच सांधा परत फिरवायला वीज लागते.

छोटी_लाईन

प्रोग्रॅमिंगबद्दल एक जपून. पत्ता बदलताना इंजिन वेगळ्या प्रोग्रॅमिंग रुळावर ठेवा. मी एकदा ते कनेक्शन चुकून मेन लाईनला दिलं आणि उभ्या असलेल्या सगळ्या इंजिनांचा पत्ता एकच झाला. नॉब फिरवला तर सगळी एकदम निघाली.

प्रोग्रॅमिंग रुळावर डीकोडर उत्तर देतो तेव्हा इंजिन जागच्या जागी किंचित दचकतं, कारण 'हो' म्हणायला तो क्षणभर मोटरला करंट देतो. ते दचकणं दिसलं नाही तर आधी चाकं पुसा.

आणि सीव्ही २९ (सीव्ही म्हणजे डीकोडरमधलं क्रमांक दिलेलं सेटिंग). कारखान्यातून तो बहुतेक वेळा ६ असतो, म्हणजे डीकोडर ॲनालॉगवरही चालेल. तुमचे रूळ दोन्हीसाठी आहेत म्हणून मोह होईल. पण डिजिटलवर एखाद्या गडबडीत डीकोडरला 'हे ॲनालॉग आहे' असं वाटलं तर इंजिन पूर्ण वेगाने सुटतं. छोटा पत्ता असेल तर २ करा, मोठा असेल तर ३४.

यार्डमास्तर

दीड महिन्याने लिहितोय, क्षमस्व.

चार इंजिनं झाली. तीन सॉकेटची, प्रत्येकी अर्धा तास. चौथं जुनं, सॉकेट नसलेलं, कारण बँकर तेच व्हावं असा माझा हट्ट होता. कोळसेवाला, तुमची बीप वाजली. खालचा ब्रश चॅसिसलाच स्क्रूने बसवलेला होता. प्लास्टिकचा पातळ वॉशर आणि नायलॉनचा स्क्रू घातला, पुन्हा मोजलं, शांत. मग नारिंगी आणि करडी वायर मोटरला, लाल आणि काळी चाकांच्या संपर्कांना. प्रोग्रॅमिंग रुळावर ठेवलं आणि ते दचकलं. ते बघून झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

वेग जुळवायला दोन संध्याकाळी गेल्या. दोन्ही इंजिनं एकाच लायनीवर, मध्ये वीतभर अंतर ठेवून, डब्यांशिवाय चालवली. बँकर जवळ येत गेलं की त्याचा सीव्ही ५ (कमाल वेग) कमी, मागे पडलं की जास्त. मग सुरुवातीच्या वेगासाठी सीव्ही २, मधल्यासाठी ६. पुढच्या इंजिनाचा सीव्ही ३ मी २० केलाय. थांब्यापासून पूर्ण वेगाला पोचायला साधारण १८ सेकंद लागतात, भरलेल्या मालगाडीला शोभेल असं निघतं. बँकरचाही २० ठेवला, नाहीतर तेच आधी धक्का द्यायचं.

सिग्नल अजून नुसते दिवेच आहेत, सांधेवाला. एबीसी पुढे बघेन. रविवारी सकाळी ॲनालॉगवर उरलेली दहा इंजिनं आणि पॅनेल चालतंच.

काल रात्री पहिल्यांदा २२ डब्यांची गाडी चढावर घेतली. पुढचं इंजिन पत्ता १२, मागे बँकर पत्ता ७, त्याची कपलिंग काढलेली, नुसता बफरला बफर टेकवून. मुलगी बँकर चालवत होती, मी पुढचं. एकही डबा रुळावरून उतरला नाही. वर पोचल्यावर मी म्हटलं, 'सोड.' तिने नॉब हळूहळू शून्यावर आणला. बँकर शेवटच्या डब्यापासून आधी बोटभर, मग हातभर सुटलं आणि उभं राहिलं, समोरचा दिवा लागलेला. त्याच रुळावर, त्याच सेक्शनमध्ये माझी गाडी पुढे चालत राहिली आणि बोगद्यात शिरली. मग मुलीने दिशा उलटी केली आणि बँकर एकटंच खाली शेडकडे निघालं.

सांधेवाला

मुलीला शाबासकी सांगा. शेवटच्या डब्याला लाल दिवा लावलाय का? नसेल तर लावा, आता रुळावर वीज कायम आहे, गाडी थांबली तरी तो विझणार नाही.